दाभोशाचा प्रपात

नाशिकहून त्र्यंबकेश्वरापर्यंतचा रस्ता नाशिककराच्या इतका पायाखालचा असतो की, ब्रह्मगिरीचा काळा कडा दिसू लागला म्हणजे प्रवास संपला, असेच त्याच्या मनाने घेतलेले असते. त्र्यंबकच्या पलीकडे कोणता मुलूख लागतो, याचा विचार करण्याचे प्रयोजन यात्रेकरूला सहसा पडत नाही; वस्तुतः भूगोलातली खरी नवलाई तेथूनच सुरू होते. ब्रह्मगिरीच्या पूर्वेकडे उतरलेले पाणी गोदावरी होऊन नाशिक, पैठण, नांदेड असे मुक्काम मागे टाकीत 1465 किलोमीटरांची वाट चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगररांगेच्या पश्चिमेला पडलेल्या पावसाला मात्र अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत भेटतो. एक पाणी संथपणे सारे दख्खन ओलांडून जाते, दुसरे कड्यांमागून कडे उतरत समुद्राकडे धाव घेते. वैतरणेचा उगम याच डोंगरांतला. दमणगंगा थोडी उत्तरेला, दिंडोरी तालुक्यात उगम पावते आणि पश्चिमेला वळते. या पश्चिमवाहिनी पाण्याच्या मागोमाग एक दिवस काढावा आणि दमणगंगेला मिळणाऱ्या लेंडी नदीवरचा दाभोशाचा धबधबा पाहून यावे, असा बेत आमच्या घरात बरेच दिवस शिजत होता.

त्याला निमित्त अण्णांचे झाले. माझे वडील महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरीची आरंभीची काही वर्षे त्यांनी जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत काढली होती, तीही ज्या काळी पावसाळ्यात तिकडची कित्येक गावे जगापासून तुटत असत, त्या काळी. पैसेवारीसाठी, तगाईच्या वसुलीसाठी, पिकांच्या पाहणीसाठी ते पाड्यापाड्यांवरून पायी हिंडलेले होते. त्या मुलखाविषयी ते बोलू लागले म्हणजे त्यांच्या एरवीच्या मितभाषी स्वभावाचा विसर पडे. भाद्रपद सरत आला होता, पावसाने पाय काढता घेतला होता आणि नद्या अद्याप भरलेल्या होत्या. भंडारदऱ्याला किंवा इगतपुरीच्या घाटात या दिवसांत माणसांना उभे राहायला जागा मिळत नाही. दाभोशाचे नाव मात्र आमच्या ओळखीच्यांपैकी फारच थोड्यांनी ऐकले होते. तेव्हा अण्णा, सौ., दोन्ही मुले आणि मी, असे आम्ही भल्या पहाटे निघालो.

त्र्यंबक मागे पडल्यावर थोडा वेळ पठारच लागते, आणि मग तोरंगणचा घाट उतरू लागतो. या उतरणीवर पाहणाऱ्याला पहिला विस्मय वाटतो तो हिरवाईच्या घनतेचा. नाशिक शहरात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. घाट उतरून जव्हारच्या बाजूला गेले की तोच आकडा अडीच-तीन हजारांच्या घरात जातो. द्राक्षांचे मांडव, कांद्याची शेते, पाटाचे पाणी हा सारा संसार मागे राहतो. समोर येतात सागाचे आणि ऐनाचे उतार, त्यांच्या मधून मधून भाताची लहान लहान खाचरे, आणि डोंगराच्या अंगावर, जेथे बैलही नीट उभा राहू शकणार नाही अशा जागी, नागलीचे आणि वरईचे हिरवे पट्टे. त्या दिवशी खुरासणी फुलावर आली होती. तिच्या पिवळ्या फुलांनी माळच्या माळ इतके उजळून निघाले होते की, आमच्या मुलीने ती शोभेसाठी मुद्दाम लावलेली फुलझाडे समजून त्यांची चौकशी केली. हे तेलबियांचे पीक आहे आणि या मातीत दुसरे काही येईनासे झाले तरी ते येते, असे अण्णांनी तिला सांगितले.

या शेतीची रीत समजून घेतल्यावाचून हा मुलूख समजत नाही. खाचराची जमीन थोडी. उरलेली सारी वरकस, म्हणजे चढउताराची, मुरमाड, पातळ मातीची. पावसाळ्यापूर्वी शेतकरी झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर रचून रोपवाटिकेच्या जागेवर राब भाजतो. त्या आगीने तणांचे बी मरते, राखेचे खत मिळते, आणि पहिल्या पावसाबरोबर पेरलेली रोपे जोमाने उठतात. इंग्रजी अंमलात जंगल खाते स्थापन झाले आणि डहाळ्या तोडण्यावर निर्बंध आले, तेव्हा राबाचा प्रश्न हा ठाणे जिल्ह्यात शेतसाऱ्याइतकाच जिव्हाळ्याचा झाला. त्या असंतोषाची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारला 1885 साली एक वन आयोग नेमावा लागला होता. जंगल कोणाचे, हा वाद या डोंगरांत तेव्हापासून चालू आहे, आणि त्याचा एक धागा त्याच दिवशी दुपारी आमच्याही हाती येणार होता.

मोखाडा तालुक्यात शिरल्यावर अण्णांनी गाडी थांबवायला सांगितली आणि दक्षिणेकडे हात केला. त्या दिशेला, डोंगरांच्या आड, मध्य वैतरणेचे धरण आहे. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांपैकी ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर हे तीन या एकाच नदीवर आहेत, आणि तानसा काही फार लांब नाही. मोडकसागर 1957 सालचा, मध्य वैतरणा 2014 सालचा. कोट्यवधी माणसांच्या नळांना येणारे पाणी ज्या डोंगरांवर पडते, त्याच डोंगरांवरच्या पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. मोखाडा तालुक्याचे नाव दर उन्हाळ्यात टंचाईच्या यादीत असते. अण्णा म्हणाले, “माझ्या नोकरीत टंचाईचे आराखडे मी इथेच लिहायला शिकलो, आणि ते लिहीत असताना बाहेर श्रावणाचा पाऊस कोसळत असे.” या विसंगतीचा उलगडा मला त्या क्षणी झाला नाही, तो धबधब्यापाशी गेल्यावर, खडकाकडे पाहताना झाला.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, एका सपाट माथ्यावर वसलेले आहे. भोवती दऱ्या आहेत, हवा थंड आहे, आणि गावाला अद्याप संस्थानी वळण आहे. रस्ते सरळ, जुन्या इमारती ऐसपैस, आणि गावाच्या एका अंगाला, झाडीत, जयविलास राजवाडा. फिकट गुलाबी छटेच्या दगडाचा हा वाडा शेवटचे अधिपती यशवंतराव मुकणे यांच्या कारकीर्दीतला. त्याचे घुमट आणि युरोपीय धर्तीच्या कमानी पाहून अनेकांची पावले थबकतात. परंतु मला त्या वाड्याहून वाड्याच्या मालकांची कुळकथा अधिक चित्तवेधक वाटली.

महाराष्ट्रातील संस्थाने म्हटली की मराठे आणि ब्राह्मण सरदारांची घराणी डोळ्यांसमोर येतात. जव्हारचे मुकणे हे महादेव कोळी होत. सह्याद्रीच्या डोंगरी जमातींपैकी एका जमातीने आपले राज्य स्थापावे आणि ते सहाशे वर्षे टिकवावे, हे आपल्या इतिहासात विरळाच घडलेले आहे, आणि शाळेच्या पाठ्यपुस्तकातून वर आलेल्या माझ्यासारख्या वाचकाला त्याची फारशी खबर नसावी, याचा मला खेद झाला. मूळ पुरुष जयबा. त्याने जव्हारचा ताबा कसा मिळविला याची दंतकथा गॅझेटियरने नोंदून ठेवली आहे. एका बैलाच्या कातड्याखाली मावेल एवढीच जमीन त्या घराण्याच्या पूर्वजाने तेथल्या वारली प्रमुखाकडे मागितली, आणि ती कबूल होताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्याने सारा टापू वेढून घेतला. हीच कथा कार्थेज वसविणाऱ्या राणीविषयी भूमध्य समुद्राच्या काठी सांगितली जाते. ती जव्हारच्या डोंगरात कोणत्या वाटेने पोहोचली असेल, किंवा दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचली असेल, याचे कुतूहल मला अजून आहे. कथेत वारल्यांच्या पदरी आलेली फसवणूक मात्र कथाकारांनी लपविलेली नाही, हे विशेष.

दंतकथा सोडून इतिहासाकडे वळले तर जयबाचा मुलगा निमशहा याला दिल्लीच्या दरबाराने राजा म्हणून मान्यता दिली ती 5 जून 1343 या दिवशी. त्या वेळी दिल्लीच्या तख्तावर महंमद तुघलक होता. बावीस किल्ले आणि नऊ लाखांच्या वसुलीचा मुलूख निमशहाकडे होता असे गॅझेटियर सांगते. या दिवसाचे महत्त्व जव्हारला एवढे वाटले की संस्थानच्या दप्तरात त्या दिवसापासून स्वतंत्र शक मोजला जाऊ लागला. 1664 च्या आरंभी सुरतेवर चालून जाताना शिवाजी महाराज याच वाटेने गेले, आणि जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना गावाबाहेरच्या शिरपामाळावर सामोरे गेले. महाराजांनी तेथे त्यांना शिरपेच देऊन सन्मानिले अशी परंपरा आहे. आता तेथे स्मारक असून समोर दूरवर कोकणपट्टी दिसते. हा स्नेह मात्र टिकला नाही. 1672 साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतले आणि त्याच विक्रमशहांना मुलूख सोडून जावे लागले. सुरतेची वाट ज्याच्या हाती, तो या माथ्यावाचून राहू शकत नव्हता, हे त्या टेकाडावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले की नकाशावाचूनही उमगते. पुढे पेशव्यांनी राज्याचे लचके तोडले, इंग्रजांनी उरलेल्याला संस्थान म्हणून चालू ठेवले, आणि 1948 साली सुमारे आठशे चौरस किलोमीटरांचे हे राज्य मुंबई इलाख्यात विलीन झाले. यशवंतराव मुकणे त्यानंतर लोकसभेवर निवडून गेले. 2014 साली ठाण्यातून पालघर हा वेगळा जिल्हा झाला, त्यात हा तालुका गेला.

गावातल्या एका दुकानाबाहेर रंगवलेले मुखवटे टांगलेले होते. धाकट्याने त्यांपैकी दशमुखी रावण ओळखला. हे बोहाड्याचे मुखवटे. होळीनंतरच्या उन्हाळी दिवसांत जव्हार आणि मोखाडा भागांतल्या गावोगावी जगदंबेच्या उत्सवात रात्रभर बोहाडा चालतो. संबळाच्या तालावर गणपती, सरस्वती, नरसिंह, भीम, राक्षस अशी सोंगे एकामागून एक येतात आणि नाचून जातात. कोणत्या देवाचा मुखवटा कोणत्या घराने धारण करावयाचा, हे वहिवाटीने ठरलेले असते. अण्णांनी मोखाड्याचा बोहाडा अनेकदा पाहिला होता. मुखवटा चढविण्यापूर्वी त्या माणसाची पूजा होते आणि तो पुढचा काही काळ देवच मानला जातो, हे सांगताना त्यांचा स्वर आदराचा होता. एका वर्षी ज्या माणसाकडे तगाईची थकबाकी मागायला ते सकाळी गेले होते, त्याच माणसाच्या पाया ते रात्री पडले होते, आणि यात त्यांना काही विपरीत वाटले नव्हते.

जव्हारहून दाभोसा वीस किलोमीटरांच्या आसपास. रस्ता सिल्वासाच्या दिशेने उतरत जातो आणि वाटेत वस्ती लागते ती पाड्यांची. गाव म्हणून जे नाव फलकावर असते ते प्रत्यक्षात चार-सहा पाड्यांचे मिळून असते, आणि एका पाड्याहून दुसऱ्या पाड्याला जायचे तर मध्ये ओढा आणि टेकडी हमखास. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप दिलेल्या भिंती, वर कौले, अंगणात भात झोडण्यासाठी राखलेली जागा, कडेला मोहाचे एखादे जुने झाड. वेशीवर वाघदेव असतो: उभा दगड किंवा लाकडी फळी, तीवर कोरलेला वाघ आणि माथ्यावर चंद्रसूर्य. वारली लोक वाघाला देव मानतात, आणि वाघ या जंगलांतून नाहीसा झाल्यावरही त्याची पूजा चुकलेली नाही.

धबधब्याच्या अलीकडच्या पाड्यावर एक मध्यमवयीन वारली गृहस्थ आमच्याबरोबर वाटाड्या म्हणून आला. अण्णांना तो पहिल्यापासून ‘बाबा’ म्हणू लागला, आणि अण्णांनी त्याच्या आजोबांच्या वेळच्या पोलीस पाटलाची आठवण काढताच दोघांचे चांगलेच जुळले. त्याने प्रथम आम्हांला वरच्या काठावर नेले. नदी तेथे फारशी भव्य दिसत नाही. रुंद, उघड्या कातळावरून पाणी घोट्याएवढ्या खोलीने पसरत येते, कातळात पडलेल्या रांजणखळग्यांत क्षणभर फिरते, आणि मग पुढे जमीनच संपते. वाटाड्याने मुलांना पुष्कळ अलीकडेच थांबविले. काठावरच्या शेवाळाने माणसे गेलेली त्याने पाहिली होती, आणि त्या बाबतीत तो कोणाचे ऐकणाऱ्यांपैकी नव्हता.

खाली उतरल्यावर मात्र दृश्य पालटते. पायवाट आणि पायऱ्या यांनी दरीच्या तळाशी जायला वेळ लागतो. अण्णा निम्म्या वाटेवरच्या एका सपाट खडकावर बसून राहिले, आम्ही पुढे गेलो. दोन्ही बाजूंना काळे, सरळसोट कडे, समोर त्यांना जोडणारी कड्याचीच आडवी भिंत, आणि त्या भिंतीच्या माथ्यावरून सुमारे तीनशे फूट खाली येणारी लेंडी. पाणी मध्ये कोठे फारसे अडत नाही. वरून निघताना ते एकसंध असते, निम्म्या उंचीवर त्याच्या भाल्यासारख्या टोकदार धारा सुटतात, आणि तळच्या डोहाला लागण्यापूर्वी त्यांतला बराचसा भाग तुषार होऊन वाऱ्याबरोबर दरीभर पसरतो. आम्ही डोहापासून बऱ्याच अंतरावर होतो, तरी थोड्याच वेळात सर्वांचे कपडे ओले झाले. आवाज एवढा की शेजारच्या माणसाशी बोलायला त्याच्या कानाशी जावे लागे. सौ. एरवी पाण्याला भिणारी. ती सर्वांच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि परतायचे नाव घेईना. आम्हांखेरीज दरीत त्या वेळी होती ती गुरे शोधायला आलेली दोन मुले आणि कड्याच्या कपारींत ये-जा करणाऱ्या पाकोळ्या.

माझे लक्ष पाण्यावरून हळूहळू कड्याकडे गेले. हा सारा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचा, म्हणजे बसाल्टचा. लाव्हा एकदाच आला नाही. थरावर थर पसरत गेले, आणि प्रत्येक थराचा गाभा घट्ट व माथा सच्छिद्र राहिला. गाभ्याचा खडक उभ्या भेगांनी फुटतो, म्हणून कडा सरळ तुटतो. सच्छिद्र थर लवकर झिजतो, म्हणून वरच्या घट्ट थराच्या पायाखालची जमीन पोखरली जाते आणि आधार सुटलेले खडक कोसळून पडतात. धबधबा अशा रीतीने स्वतःच्याच पाण्याने तसूतसूने मागे सरकत जातो, आणि पुढे खोल घळ सोडतो. आम्ही जिच्या तळाशी उभे होतो ती दरी म्हणजे लेंडीने मागे सरकताना सोडलेली वाटच होती. मुलीने पायाजवळचा एक दगड उचलून दाखविला. त्यात बुडबुड्यांच्या जागी राहिलेल्या वाटाण्याएवढ्या पोकळ्या होत्या आणि प्रत्येक पोकळीत पांढऱ्या स्फटिकांचे अस्तर होते. एकीच्या तळाशी हिरवट थर होता आणि त्यावर उभे राहिलेले स्फटिक नखाच्या टोकाला सुईप्रमाणे टोचत होते. लाव्हा थंड झाल्यावर त्यातून झिरपलेल्या उष्ण पाण्याने आणून ठेवलेला तो ऐवज होता.

आणि येथेच मला सकाळच्या विसंगतीचा उलगडा झाला. ज्या घट्ट कातळामुळे लेंडीचा प्रपात एवढा देखणा झाला आहे, तोच कातळ पाऊस पोटात घेत नाही. माती पातळ, उतार तीव्र, खाली अभेद्य खडक. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाणी चार महिन्यांत येते आणि चार महिन्यांतच निघून जाते. जे नदीत उरते तेही वस्तीच्या पायाखाली शेकडो फूट खोल घळीत. पाडे माथ्यावर, पाणी तळाशी, आणि मध्ये ही भिंत. येथील सौंदर्य आणि येथील दैन्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मी आजवर समजत आलो होतो. त्या दोहोंचे मूळ त्या एका खडकात आहे. तथापि सारे पाप खडकाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. पाणी अडविण्याची विद्या माणसाला अवगत आहे, आणि शेजारच्या वैतरणेवर ती वापरलीही गेली आहे; ती कोणासाठी वापरावयाची, हा निर्णय मात्र खडकाने केलेला नाही.

परत चढताना वाटाड्याने नदीच्या वरच्या अंगाला एका ओहोळाच्या कडेची जागा दाखविली. फाल्गुन सरला की त्यांच्या बायका तेथे वाळूत हातभर खड्डा खणतात. त्या झिऱ्यात वाटीवाटीने पाणी जमते, ते फडक्यातून गाळून हंड्यात भरायचे, आणि डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन टेकडी चढायची. रात्री पाणी अधिक जमते म्हणून कित्येकजणी पहाटेच्या आधीच नंबर लावतात. लेंडी मात्र येथून पुढे दमणगंगेला मिळते, दमणगंगेचे पाणी मधुबन धरणात साठते, आणि सिल्वासा, वापी, दमण यांची वस्ती व कारखाने त्यावर चालतात. दमणगंगेचे पाणी बोगद्यांनी पिंजाळ नदीत आणून मुंबईला द्यावे, अशीही एक मोठी योजना वर्षानुवर्षे चर्चेत आहे. वाटाड्याला तिची माहिती होती. मोजणीची माणसे येऊन गेली, एवढे तो म्हणाला.

जेवायला त्याने घरी नेले. घरधनिणीने नागलीच्या भाकरी, उडदाची डाळ आणि खुरासणीची चटणी वाढली. भाकरीचा रंग पाहून प्रथम साशंक झालेल्या धाकट्याने पुन्हा मागून घेतली. 1992 साली याच तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा साऱ्या देशाने जव्हारचे नाव ऐकले. तो इतिहास माझ्या मनात असल्यामुळे ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा मला संकोच वाटत होता; परंतु त्या घरच्या आग्रहापुढे संकोच चालला नाही. ओटीच्या भिंतीवर गेल्या लग्नातला चौक अजून शाबूत होता. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली चौकट, आत पालघाट देवी, भोवती झाडे, मोर, बाशिंगे बांधलेले घोडेस्वार. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. हा चौक काढण्याचा अधिकार सवाशिणींचा, आणि लग्नाची गाणी म्हणत देवीला आवाहन करते ती धवलेरीही स्त्रीच. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली, जगभर नेली आणि 2011 साली पद्मश्री मिळविली. आज शहरांतल्या उपाहारगृहांच्या भिंतींवर जी वारली चित्रे दिसतात, त्यांत नाच असतो, शिकार असते, पण चौकातली देवी क्वचितच असते. तिच्यावाचून ती चित्रे मला आता अपुरी वाटतात.

कोपऱ्यात एक तारपा टांगला होता. वाळक्या दुधी भोपळ्याचे पोट, बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. नवे भात घरात येईपर्यंत तो खाली काढायचा नाही, असा त्या घरचा नेम होता. याच तालुक्यातल्या वाळवंडा गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे तेथे प्रत्येकाला ठाऊक होते आणि त्याचा अभिमान होता. पण तारपा वाजतो तो दिवाळीपर्यंतच. त्यानंतर पाड्यातली निम्मी घरे कुलूप लावून भिवंडी, वसई, वाडा या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात, आणि होळीला किंवा थेट पावसाच्या तोंडावर परततात. उचल आधी घेतलेली असते, ती फेडण्यात हंगाम जातो. अलीकडे काहींनी मोगऱ्याची लागवड केली आहे. पहाटे खुडलेल्या कळ्या दादरच्या बाजारात पोहोचतात, आणि ज्याच्या शेताजवळ उन्हाळ्यात थोडे पाणी आहे त्याला गाव सोडावे लागत नाही. आमच्या यजमानाच्या धाकट्या भावाला ते साधले होते, त्याला स्वतःला नव्हते.

आम्ही उठणार तोच तो आत गेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेले कागद घेऊन आला. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली त्याच्या वडिलांनी कसत्या जमिनीचा दावा केला होता. ग्रामसभेच्या समितीने तो सबंध मान्य केला होता, आणि वरून आलेल्या पट्ट्यावर जमीन निम्म्याहून कमी चढली होती. “बाबा, तुम्ही कचेरीतले. याच्यात काय लिहिलंय ते सांगा,” असे तो म्हणाला. अण्णांनी चष्मा पुसला, ओटीवर मांडी घातली आणि कागद एकेक करून तारीखवार लावले. निर्णयाची प्रत त्याच्या हाती येऊन महिनाच झाला होता, आणि वरच्या समितीकडे दाद मागण्याची मुदत साठ दिवसांची असते. मुलीच्या वहीतली पाने घेऊन त्यांनी तेथेच अर्जाचा मसुदा केला: चतुःसीमा, राबाची जागा, वाघदेवाच्या दगडापासून ओहोळापर्यंतची वहिवाट, आणि पाड्यातल्या दोन वृद्धांचे जबाब, कारण नियमांप्रमाणे वृद्धांचे कथन हाही पुरावा धरला जातो. दोघा वृद्धांना बोलावून आणण्यात, त्यांचे म्हणणे उतरून घेण्यात आणि ते त्यांना वाचून दाखविण्यात ऊन कलले. अण्णांनी मसुद्याच्या दोन प्रती केल्या, एक त्याच्याजवळ दिली, पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नकोस असे त्याला दोनदा बजावले, आणि दुसरी प्रत घडी घालून आपल्या खिशात ठेवली.